कब्जा एकाचा, सातबारा दुसऱ्याचा: एस्टोनियाने आपला देश परत कसा मिळवला

न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर सेंटरमध्ये कित्येक वर्षं एक छोटं कार्यालय चालू होतं. ते होतं एस्टोनिया प्रजासत्ताकाच्या वकिलातीचं. गंमत अशी, की नकाशात बघायला जाल तर एस्टोनिया नावाचा स्वतंत्र देशच नव्हता. १९४० मध्ये सोव्हिएत युनियनने तो गिळला होता. तरी एर्न्स्ट याक्सन नावाचे गृहस्थ त्या ऑफिसात बसून एस्टोनियाचे पासपोर्ट देत होते. १९६५ पासून तिथला कारभार त्यांच्याकडे होता, आणि नोकरीला तर ते त्याच्याही कितीतरी आधी लागलेले. अमेरिकेचं परराष्ट्र खातं त्यांचं नाव दरवर्षी परदेशी प्रतिनिधींच्या यादीत छापत असे. देश नाही, सरकार नाही, पण वकिलात चालू!

वरकरणी हा वेडेपणा वाटतो. पण एस्टोनियाच्या स्वातंत्र्यलढ्याची मेख तिथेच आहे. त्या लढ्याबद्दल थोडंफार ऐकलेल्यांना "गाणारी क्रांती" हे नाव माहीत असतं: लाखो माणसं मैदानात जमली, गाणी म्हटली आणि सोव्हिएत सत्ता गेली. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं कागदपत्रांचं आहे, आणि माझ्या मते तेच जास्त मजेदार आहे.

आपल्याकडे जमिनीचा वाद समजावून सांगावा लागत नाही. एखाद्याने दांडगाईने शेतात नांगर घातला आणि पन्नास वर्षं पीक काढलं, तर कब्जा त्याचा. पण सातबाऱ्यावर नाव कोणाचं? फेरफार झाला तो कोणाच्या सहीने, आणि ती सही करताना मानेवर सुरी होती का? एस्टोनियन लोकांनी नेमका हाच मुद्दा धरून ठेवला. आम्ही सोव्हिएत युनियनमधून फुटून निघत नाही, कारण आम्ही कायद्याने त्यात कधी गेलोच नव्हतो. आमचं प्रजासत्ताक १९१८ पासून आहे. मधली वर्षं ते फक्त दुसऱ्याच्या ताब्यात होतं.

हे १९१८ साल कुठून आलं ते आधी बघू.

बाल्टिक समुद्राच्या काठावर, फिनलंडच्या समोर, हा चिमुकला देश आहे. लोकसंख्या आजही साधारण साडेतेरा लाख. भाषा रशियन किंवा जर्मनच्या कुळातली नाही. ती फिनिशची बहीण. तेराव्या शतकात जर्मन आणि डॅनिश धर्मयोद्धे तलवारीच्या धाकाने ख्रिस्ती धर्म घेऊन आले, आणि तिथून सातशे वर्षं मालक बदलत राहिले: डेन्मार्क, जर्मन सरदारांचे संघ, स्वीडन, आणि १७१० पासून रशियाचा झार. वरचा मालक कोणीही असो, गावातला जमीनदार मात्र जर्मनच राहिला. एस्टोनियन माणूस म्हणजे त्याच्या शेतावरचा वेठबिगार. १८१६ आणि १८१९ मध्ये दोन प्रांतांत ही वेठ कायद्याने संपली, पण जमीन जर्मनांकडेच राहिली.

या लोकांना स्वतःसाठी धड नावही नव्हतं. ते स्वतःला "माराहवास" म्हणत, म्हणजे मातीतली माणसं, गाववाले. १८५७ मध्ये पार्नू गावात योहान वोल्देमार यान्सेन यांनी एक साप्ताहिक काढलं आणि पहिल्याच अंकात वाचकांना हाक घातली ती "प्रिय एस्टोनियन जनहो" अशी. एका संपादकाच्या नमस्काराने "गाववाले" हे "एस्टोनियन" झाले, असं म्हणणं थोडं अतिशयोक्तीचं होईल. पण त्या नमस्काराची आठवण तिथे अजून काढतात.

याच यान्सेननी १८६९ मध्ये तार्तू शहरात पहिला गीत महोत्सव भरवला. झारच्या राज्यात माणसं जमवायची तर निमित्त हवं. त्यांनी ते शोधलं: वेठ संपल्याची पन्नास वर्षं! झारच्या पूर्वजाच्या मेहेरबानीचा सोहळा; त्याला नाही कोण म्हणणार? आठशेच्या वर गायक-वादक आले, सगळे पुरुष. बहुतेक गाणी जर्मन वळणाची होती. अस्सल एस्टोनियन अशी दोनच, आणि त्या दोन्हींचे शब्द यान्सेन यांच्या मुलीचे, कवयित्री लीडिया कोइडुला हिचे. सरकारी निमित्ताच्या आडून आपलं काम साधायची ही युक्ती पुढे सव्वाशे वर्षं उपयोगी पडली.

आता १९१८. पहिलं महायुद्ध चालू आहे, झार गेलेला आहे, पेत्रोग्राडमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) बोल्शेविक, म्हणजे लेनिनचे कम्युनिस्ट, आहेत. फेब्रुवारीत जर्मन फौजा पुढे सरकू लागल्या तशा रशियन फौजा राजधानी टाल्लिन सोडून निघाल्या. एक मालक निघाला, दुसरा अजून पोचलेला नाही, अशी दीड दिवसाची फट. कॉन्स्टन्टिन पॅट्स, यूरी विल्म्स आणि कॉन्स्टन्टिन कोनिक या तिघांच्या समितीने त्या फटीत पाय रोवला. २३ फेब्रुवारीला पार्नूच्या नाट्यगृहाच्या सज्जातून जाहीरनामा वाचला गेला, २४ ला टाल्लिनमध्ये प्रजासत्ताक घोषित झालं, आणि २५ ला जर्मन शहरात शिरले! एक दिवसाचं राज्य. पण कागद झाला होता, तारीख पडली होती.

नोव्हेंबरमध्ये जर्मनी हरला आणि लगेच, २८ नोव्हेंबरला, बोल्शेविकांच्या लाल सेनेने सीमेवरच्या नार्वा शहरावर हल्ला चढवला. जानेवारीच्या सुरुवातीला ती टाल्लिनपासून अवघ्या चाळीसेक किलोमीटरवर होती. सेनापती योहान लायडोनर यांच्याकडे शाळकरी पोरं, शेतकरी आणि घरच्या कारखान्यांत पत्रे ठोकून बनवलेल्या चिलखती आगगाड्या. सोबत ब्रिटिश आरमार आणि फिनलंडचे स्वयंसेवक. फेब्रुवारीपर्यंत त्यांनी लाल सेनेला हद्दीबाहेर रेटलं; उन्हाळ्यात दक्षिणेकडून आलेल्या बाल्टिक जर्मनांच्या फौजेलाही हरवलं. सुमारे साडेतीन हजार सैनिक कामी आले.

२ फेब्रुवारी १९२० रोजी तार्तूचा तह झाला. सोव्हिएत रशियाने एस्टोनियाचं स्वातंत्र्य बिनशर्त मान्य केलं आणि त्या भूमीवरचे सगळे हक्क "कायमचे" सोडले. वर दीड कोटी सुवर्ण रुबल दिले. हा तह लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीतला मूळ दस्त हाच. १९२१ मध्ये एस्टोनिया राष्ट्रसंघाचा सदस्य झाला.

मधल्या वीस वर्षांत जर्मन जमीनदारांच्या जमिनी काढून कसणाऱ्यांना दिल्या गेल्या, १९२५ मध्ये अल्पसंख्याकांना सांस्कृतिक स्वायत्तता देणारा, त्या काळी विरळा असा कायदा झाला. सगळं गोड नव्हतं. १९३४ मध्ये पॅट्स यांनीच सत्ता एकहाती घेतली आणि पक्षांना गप्प केलं. पुढे देश वाचवायची वेळ आली तेव्हा निर्णय मूठभरांच्या हातात होता, त्याचं मूळ इथे आहे.

२३ ऑगस्ट १९३९ ला मॉस्कोत सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह आणि जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप यांनी अनाक्रमणाचा करार केला. त्याला एक गुप्त पुरवणी होती. त्यात हिटलर आणि स्टालिन यांनी पूर्व युरोप वाटून घेतला, आणि एस्टोनिया स्टालिनच्या वाट्याला गेला. महिन्याभराने एस्टोनियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल सेल्टर मॉस्कोला गेले ते व्यापारी करारावर सही करायला. तिथे मोलोटोव्ह यांनी वेगळाच विषय काढला: तुमच्या भूमीवर आमचे लष्करी तळ द्या, नाहीतर आम्ही दुसरे उपाय करू. २८ सप्टेंबरला सही झाली. पंचवीस हजार सोव्हिएत सैनिक देशात आले. एस्टोनियाचं स्वतःचं शांतताकालीन सैन्य त्याहून कमी होतं. पाहुणा घरात शिरला तो यजमानापेक्षा मोठी काठी घेऊन.

पुढच्या जूनमध्ये, सगळ्या जगाचं लक्ष पॅरिसच्या पाडावाकडे असताना, १६ तारखेला अंतिम इशारा आला आणि १७ ला लाल सेनेने देश ताब्यात घेतला. सरकारने न लढायचं ठरवलं. फक्त टाल्लिनच्या राउआ रस्त्यावर संदेश दळणवळणाच्या एका तुकडीने २१ जूनला बंदुका चालवल्या. (लढायला हवं होतं का, यावर तिथे आजही कडकडून वाद होतो. शेजारचे फिन लढले आणि टिकले, हे उदाहरण प्रत्येक वेळी निघतं.)

आता "फेरफार" कसा झाला ते नीट बघा, कारण पुढचा सगळा दावा यावर उभा आहे. नुसतं सैन्य घुसवून स्टालिन थांबला नाही. त्याला कागद हवा होता. म्हणून जुलैत निवडणूक घेतली. निवडणुकीचे नियम सरकारी हुकमाने बदलले. राज्यघटनेप्रमाणे त्याला संसदेच्या दोन्ही सभागृहांची मान्यता हवी होती, पण वरचं सभागृह बोलावलंच नाही. विरोधी उमेदवारांचे अर्ज काही ना काही खोट काढून बाद केले. उरला एकच गट, त्याला ९२.८ टक्के मतं "मिळाली". प्रचारात सोव्हिएत युनियनमध्ये जाण्याबद्दल चकार शब्द नव्हता. निवडून आल्यावर जुलैतच याच संसदेने आम्हाला सामील करून घ्या असा अर्ज केला आणि ६ ऑगस्टला मॉस्कोने तो मंजूर केला. राष्ट्राध्यक्ष पॅट्सना त्याआधीच रशियात नेलं होतं. ते १९५६ मध्ये तिथल्याच एका मनोरुग्णालयात वारले. लायडोनर १९५३ मध्ये तुरुंगात.

अमेरिकेने २३ जुलै १९४० लाच जाहीर केलं की हे सामिलीकरण आम्ही मानत नाही. इतर अनेक पाश्चात्त्य देशांनीही त्याला कायदेशीर मान्यता दिली नाही. रॉकफेलर सेंटरमधलं ते ऑफिस चालू राहिलं ते या एका भूमिकेवर.

एस्टोनियात मात्र भूमिका कोणाच्या कामाची नव्हती. १४ जून १९४१ च्या रात्री सुमारे दहा हजार माणसांना घरातून उचलून मालगाड्यांत भरलं. स्टेशनवर पुरुष वेगळे काढले आणि श्रमछावण्यांत धाडले. बायका-मुलं रशियातल्या किरोव आणि नोव्होसिबिर्स्ककडे. त्या मुलांत बारा वर्षांचा लेन्नार्ट मेरी होता. त्याचं नाव पुढे परत येईल.

आठवड्याभरात हिटलरने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला आणि उन्हाळ्यात जर्मन आले. आदल्या महिन्यात आपली माणसं गाडीत भरलेली ज्यांनी पाहिली, त्यांतल्या अनेकांना जर्मन सुटका करणारे वाटले. तो भ्रमच ठरला. जर्मनांना स्वतंत्र एस्टोनिया नको होता. एस्टोनियातल्या चारेक हजार ज्यूंपैकी बहुतेक पळून रशियात गेले होते. मागे राहिलेल्या सुमारे हजारांना मारलं, आणि त्यात स्थानिक एस्टोनियन हातही होते. ही गोष्ट झाकून स्वातंत्र्याची कथा सांगता येत नाही. एस्टोनियन तरुण दोन्ही सैन्यांत ओढले गेले आणि काही ठिकाणी एकमेकांसमोर उभे ठाकले.

सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मन माघार घेऊ लागले, आणि १९१८ सारखीच फट पुन्हा उघडली. शेवटचे कायदेशीर पंतप्रधान यूरी उलुओट्स यांनी १८ सप्टेंबरला ऑटो टीफ यांचं सरकार नेमलं. टाल्लिनच्या तोमपेआ टेकडीवरच्या "पिक्क हेर्मान" म्हणजे "उंच हेर्मान" बुरुजावर निळा-काळा-पांढरा झेंडा चढला. २२ ला लाल सेना शहरात आली. सोव्हिएत पाठ्यपुस्तकं सांगत की आम्ही टाल्लिन जर्मनांकडून सोडवलं. पण बुरुजावरून उतरवलेला झेंडा एस्टोनियाचा होता. त्या शरद ऋतूपर्यंत सत्तरेक हजार लोक होड्यांतून स्वीडनला किंवा जर्मनीकडे निसटले. उलुओट्सही गेले आणि जानेवारीत स्टॉकहोममध्ये वारले. पण सरकारची परंपरा परागंदा लोकांनी चालू ठेवली.

जे मागे राहिले त्यांतले हजारो जंगलात गेले. त्यांना "मेत्सावेन्नाद" म्हणतात, जंगलबंधू. एस्टोनियाचं जंगल दाट आणि दलदलीचं. जमिनीत खड्डा खणून, वर शेवाळ पसरून, त्यात कैक हिवाळे काढता येत. शेजारच्या शेतावरून रात्री भाकरी यायची. या भाकरीचा बंदोबस्त करायला आणि शेतं सामूहिक करायला मॉस्कोने २५ मार्च १९४९ चा मुहूर्त धरला. चार दिवसांत वीस हजारांहून जास्त माणसं सायबेरियाला. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. यादीतलं माणूस घरी सापडलं नाही तर संख्या भरायला दुसऱ्याला नेल्याचेही प्रकार घडले. ज्यांनी वर्षभर सामूहिक शेतीला नकार दिला होता, ते महिन्याभरात निमूटपणे सह्या करू लागले. जंगलबंधूंची रसद तुटली, आणि पुढच्या काही वर्षांत ते संपत गेले. त्यांतल्या शेवटच्या काहींपैकी एक, ऑगस्ट साब्बे, १९७८ मध्ये व्होहांदू नदीकाठी मासे मारताना केजीबीला, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांना, सापडले आणि झटापटीत नदीत बुडून मेले. बंदूक खाली न ठेवता तीस वर्षांहून जास्त.

त्यानंतरचा काळ सांगायला एकच आकडा पुरे. १९३४ मध्ये देशात एस्टोनियन ८८ टक्के होते. १९८९ मध्ये ६१.५. कारखाने मॉस्कोच्या हुकमाने उभे राहत, त्यांच्यासाठी कामगार रशियातून येत, त्यांना नवीन फ्लॅट मिळत आणि एस्टोनियन कुटुंबं रांगेत थांबत. त्या कामगाराचा यात दोष तो काय? तो पोट भरायला आला होता, आणि तो आपल्याच देशात एका गावाहून दुसऱ्या गावी आलोय असं त्याला वाटत होतं. पण दर वर्षी स्वतःच्या देशात आपण थोडे थोडे कमी होतोय, ही भीती एस्टोनियन घरात स्वयंपाकघरापर्यंत पोचली होती. एक खिडकी मात्र उघडी राहिली. टाल्लिनच्या गच्च्यांवर अँटेना वळवले की समुद्रापलीकडचा फिनिश टीव्ही दिसे, आणि भाषा बहिणीची असल्याने कळेही! भांडवलशाहीत लोक उपाशी मरतात हे सांगणाऱ्या सोव्हिएत बातम्यांनंतर हेलसिंकीच्या सुपरमार्केटची जाहिरात.

आणि गीत महोत्सव चालू होतेच. सोव्हिएत सत्तेने ते बंद केले नाहीत, आपलेसे केले. लेनिन आणि स्टालिनची स्तुतिगीतं घातली. कोइडुलाच्या १८६९ च्या कवितेला गुस्ताव एर्नेसाक्स यांनी १९४४ मध्ये नवी चाल दिली होती. ते गाणं कार्यक्रमातून काढून टाकलेलं. १९६० मध्ये समारोपाला गायकवृंदाने ते न विचारता उचललं, आणि मैदान उभं राहिलं. हजारो गळ्यांना एकदम अटक कशी करणार? पुढे ते अधिकृत कार्यक्रमातच घ्यावं लागलं.

१९८५ नंतर मॉस्कोत गोर्बाचेव्ह सत्तेवर आले, बोलायला मोकळीक दिली. एस्टोनियन लोकांनी आधी काय मागितलं? स्वातंत्र्य नाही. त्यांनी खाणीला विरोध केला. मॉस्कोला विरुमा भागात फॉस्फोराइटची, म्हणजे खताच्या दगडाची, प्रचंड खाण हवी होती. भूजल नासणार आणि आणखी हजारो कामगार बाहेरून येणार. १९८७ च्या मे दिनी तार्तूचे विद्यार्थी पिवळे टी-शर्ट घालून मोर्च्यात निघाले, छातीवर फॉस्फोराइटला नकार. पर्यावरण हा असा विषय, की सरकारलाही तो उघड देशद्रोही म्हणता येईना. तीच १८६९ ची युक्ती! खाण रद्द झाली, आणि लोकांना पहिल्यांदा कळलं की मॉस्कोलाही मागे हटवता येतं.

त्याच वर्षी २३ ऑगस्टला टाल्लिनच्या हिर्वे बागेत काही हजार लोक जमले आणि १९३९ च्या गुप्त पुरवणीबद्दल जाहीर बोलले. मॉस्को तोवर असं काही अस्तित्वातच नाही म्हणत होतं. एप्रिल १९८८ मध्ये तार्तूच्या वारसा महोत्सवात आणखी एक प्रकार झाला. निळा-काळा-पांढरा झेंडा लावणं गुन्हा होता, म्हणून तीन जणांनी तीन काठ्या घेतल्या: एकीला निळं कापड, एकीला काळं, एकीला पांढरं. आता कुठल्या कलमाखाली धरणार? जूनमध्ये टाल्लिनच्या मैदानावर रात्रीमागून रात्री लोक पहाटेपर्यंत गात बसू लागले आणि चित्रकार हाइन्झ वाल्क यांनी या सगळ्याला "गाणारी क्रांती" हे नाव दिलं. ११ सप्टेंबरच्या सभेला तीन लाखांपर्यंत लोक होते असं सांगतात. एस्टोनियन होतेच मुळी दहा लाखांच्या आतबाहेर.

इथून पुढे मात्र दोन वाटा फुटल्या, आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं.

पहिली वाट "जनआघाडी"ची, एडगर साविसार यांची. एप्रिल १९८८ मध्ये टीव्हीवरच्या एका चर्चेत तिची कल्पना मांडली गेली. यांचं म्हणणं: सोव्हिएत चौकटीतच एक एक अधिकार मिळवत जाऊ, स्थानिक सोव्हिएत संसद जिंकू, आणि तिच्याच ठरावांनी बाहेर पडू. त्यांच्यातल्या काहींनी आर्थिक स्वायत्ततेची योजना आधीच काढली होती, तिचं लघुरूप "इमे". एस्टोनियन भाषेत त्याचा अर्थ चमत्कार. १६ नोव्हेंबर १९८८ ला त्या संसदेने आमचे कायदे मॉस्कोच्या कायद्यांच्या वर असं जाहीरही केलं. सगळ्या सोव्हिएत प्रजासत्ताकांत असं करणारं हे पहिलं.

दुसरी वाट "नागरिक समित्यां"ची. त्यांचा सवाल बोचरा होता: ज्या संसदेचा जन्मच बेकायदेशीर कब्ज्यातून झाला, तिच्याकडून स्वातंत्र्य मागायचं म्हणजे चोराच्या कुलमुखत्याराकडून घर परत मागण्यासारखं. त्यात त्या संसदेच्या निवडणुकीत देशात ठेवलेले सोव्हिएत सैनिकही मतदान करणार! म्हणून २४ फेब्रुवारी १९८९ पासून त्यांनी एक साधं काम सुरू केलं. टेबल, खुर्ची, वही. १६ जून १९४० रोजी जे एस्टोनिया प्रजासत्ताकाचे नागरिक होते ते आणि त्यांची मुलं-नातवंडं यांनी येऊन नाव नोंदवायचं. वर्षभरात सात लाखांहून जास्त नावं झाली, परदेशातली माणसंही त्यात. जो देश कागदोपत्री संपलाय असं मॉस्को म्हणत होतं, त्याचे नागरिक स्वतः येऊन हजेरी लावत होते. फेब्रुवारी १९९० अखेर याच यादीवरून "एस्टोनियाची काँग्रेस" निवडली गेली. गाणं म्हणून घरी गेलेला माणूस नाकारता येतो. वहीत नाव-पत्ता देऊन सही करणारा नाकारता येत नाही. सायबेरियातून परतलेल्यांनी पुन्हा एका यादीत स्वतःहून नाव घालणं हे गाण्यापेक्षा धाडसाचं होतं, असं मला तरी वाटतं.

मधल्या काळात, २३ ऑगस्ट १९८९ ला, कराराच्या पन्नासाव्या वर्षी, टाल्लिनपासून लाटवियाच्या रिगामार्गे लिथुआनियाच्या व्हिल्नियसपर्यंत तिन्ही बाल्टिक देशांतले सुमारे वीस लाख लोक हातात हात घालून उभे राहिले. साखळी सहाशे किलोमीटरहून लांब. चारच महिन्यांत मॉस्कोच्या लोकप्रतिनिधी सभेने गुप्त पुरवणी होती हे कबूल करून ती सुरुवातीपासूनच रद्दबातल ठरवली. जमिनीच्या भाषेत सांगायचं तर कब्जेदाराने स्वतःच खरेदीखत खोटं असल्याचं लिहून दिलं.

१५ मे १९९० चा दिवस मला या साऱ्यात सगळ्यात बोलका वाटतो. स्वातंत्र्याला विरोध असणारा, मुख्यतः रशियन कामगारांचा जमाव तोमपेआवरच्या सरकारी इमारतीचं दार फोडून आतल्या चौकात घुसला. पंतप्रधान झालेले साविसार आत अडकलेले. त्यांनी रेडिओवरून हाक दिली: तोमपेआवर हल्ला होतोय! तासाभरात हजारो एस्टोनियन हातातलं काम टाकून टेकडीवर आले. आता चौकात अडकले ते हल्लेखोर. बाहेरचे "चालते व्हा" ओरडत होते, आणि ओरडता ओरडताच मागे सरकले, मधून एक वाट मोकळी केली. आतले त्या वाटेने एकेक करत खाली मान घालून निघून गेले. कोणावर हात पडला नाही.

जानेवारी १९९१ मध्ये व्हिल्नियस आणि रिगात सोव्हिएत फौजांनी माणसं मारली. टाल्लिनमध्ये लोकांनी तोमपेआच्या वाटांवर मोठमोठे दगड आणून टाकले. ३ मार्चला सार्वमत झालं, त्यात रशियन भाषकांनाही मत होतं, ७७.८ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला हो म्हटलं.

१९ ऑगस्टला मॉस्कोत बंड झालं, गोर्बाचेव्ह नजरकैदेत, रशियातल्या प्स्कोव्हहून रणगाडे टाल्लिनकडे निघाले. पुन्हा तीच फट! २० तारखेला जनआघाडी आणि काँग्रेसवाले दिवसभर शब्दांवर भांडत बसले: नवं प्रजासत्ताक जाहीर करायचं की जुनंच पुढे चालू म्हणायचं? शेवटी जुनंच. राज्यघटना लिहायला साठ जणांची सभा, तीस याचे, तीस त्याचे. रात्री अकरा वाजून काही मिनिटांनी ठराव ६९ मतांनी मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी सैनिक टाल्लिनच्या ३१४ मीटर उंच टीव्ही मनोऱ्यावर चालून गेले. वर मोजके पोलीस आणि रेडिओचे तंत्रज्ञ. त्यांनी लिफ्टच्या दारात काड्यापेटी खोचून ती बंद पाडली आणि आग विझवायचा विषारी गॅस सोडू अशी धमकी दिली, असं सांगतात. सैनिक जिन्याने चढत राहिले. तोवर मॉस्कोतलं बंडच कोसळलं.

आइसलंडने सगळ्यात आधी, २२ ऑगस्टला, मान्यता दिली. टाल्लिनमध्ये परराष्ट्र मंत्रालयासमोरच्या चौकाला आज आइसलंडचं नाव आहे. सोव्हिएत युनियनने ६ सप्टेंबरला, भारताने ९ सप्टेंबरला मान्यता दिली. १७ सप्टेंबरला एस्टोनिया संयुक्त राष्ट्रसंघात बसला आणि त्याचा तिथला राजदूत झाला एर्न्स्ट याक्सन, ज्याने कधी ऑफिस बंदच केलं नव्हतं. ऑक्टोबर १९९२ मध्ये परागंदा सरकारच्या प्रमुखाने आपले अधिकार नव्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती सोपवले. तो राष्ट्राध्यक्ष म्हणजे लेन्नार्ट मेरी, मालगाडीतला तो मुलगा. शेवटचे रशियन सैनिक ३१ ऑगस्ट १९९४ ला गेले.

जुना सातबारा खरा ठरला, त्याचे फायदे रोकडे होते. युद्धापूर्वी परदेशी बँकांत ठेवलेल्या सोन्याचा मोबदला परत मिळाला, सुमारे अकरा टन. जून १९९२ मध्ये आलेलं नवं चलन, क्रोन, याच सोन्याच्या आधाराने उभं राहिलं आणि आठ क्रोनला एक जर्मन मार्क असं बांधलं गेलं. ज्यांची घरं आणि शेतं १९४० मध्ये गेली होती, त्यांच्या वारसांना दावे करता आले.

किंमतही त्याच सातबाऱ्याने वसूल केली. नागरिकत्व १९४० च्या यादीवरून ठरलं, तेव्हा नंतर आलेले लाखो रशियन भाषक एका रात्रीत परके झाले. १९९२ मध्ये देशातला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस कुठल्याच देशाचा नागरिक नव्हता. त्यांना राखाडी रंगाचा पासपोर्ट मिळाला. नागरिकत्व हवं तर एस्टोनियन भाषेची परीक्षा. त्यांतल्या बऱ्याच जणांनी मार्च १९९१ मध्ये स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं होतं. कुठल्याच देशाचे नागरिक नसलेल्यांचं हे प्रमाण आता पाच टक्क्यांच्या आसपास उतरलं आहे, पण नार्वासारख्या शहरात, जिथे नव्वद टक्क्यांहून जास्त लोक रशियन बोलतात, हा सल अजून निघालेला नाही.

तार्तूच्या तहाचंही तसंच. १९४४-४५ मध्ये मॉस्कोने एस्टोनियाचा जवळपास पाच टक्के भूभाग काढून रशियाला जोडला होता. एस्टोनियाने ती जमीन परत मागायचं सोडून दिलं आहे, तरी सीमेचा करार काही होत नाही. २००५ मध्ये दोघांनी सह्या केल्या. टाल्लिनच्या संसदेने मंजुरी देताना प्रस्तावनेत १९२० च्या तहाचा नुसता उल्लेख घातला, आणि रशियाने सही मागे घेतली. तो तह अजून जिवंत आहे हे मान्य केलं, तर १९४० चा कब्जा हा कब्जाच होता हेही मान्य करावं लागतं. २०१४ मध्ये त्या उल्लेखाशिवाय पुन्हा सह्या झाल्या. मंजुरी अजून बाकी आहे.